जुनी मारुती ऑम्नी घरी उघडताना: इंजिन आणि गिअरबॉक्सचं काम, पायरीपायरीनं

मारुती व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली, १९८८ पासून तिला ऑम्नी म्हणू लागले आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज ज्यांच्या दारात ऑम्नी आहे ती जुनीच असणार. शाळेची पोरं, मंडपाचं सामान, भाजीचे क्रेट, रुग्ण असं सगळं वाहून झालेली. ती ऑइल खायला लागली, घाटात दुसऱ्या गिअरवरही कण्हायला लागली, की गॅरेजमधून ठरलेलं उत्तर येतं: "इंजिन बांधायला लागेल." कधीकधी ते खरं असतं. पण बऱ्याच वेळा नुसतं हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं, काम, एखादी क्लच प्लेट किंवा दोन सील बदलून भागतं, आणि हे गाडी उघडायच्या आधीच कळू शकतं. म्हणून या लेखात खोलण्याआधीच्या तपासणीला मी भरपूर जागा दिली आहे. तेवढी जरी मन लावून केली, तरी अर्धा खर्च वाचू शकतो.

घरी काम करायला ऑम्नी सोयीची आहे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं छोटं इंजिन पुढच्या सीटांखाली गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं, त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून प्रोपेलर शाफ्ट मागच्या हाउसिंगला, म्हणजे डिफरन्शियलला. सगळं एका रेषेत. जुन्या गाड्यांना कार्ब्युरेटर, नंतरच्यांना एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी यंत्रणा. खाली दिलेली मापं या इंजिनाच्या कुटुंबाची नेहमीची मापं आहेत. तुमच्या वर्षाच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळालं तर शेवटचा शब्द त्याचा.

आधी जागा आणि हत्यारं

सपाट, टणक जमीन हवी. शहाबादी फरशी चालेल, अंगणातली माती चालणार नाही, कारण जॅक तिरका होतो. गाडीखाली जायचं तर जॅकवर कधीही विसंबू नका. चार चांगल्या घोड्या (जॅक स्टँड) घ्या, चाकांना लाकडी ठोकळे लावा, आणि खाली शिरण्याआधी गाडीला बाहेरून जोरात धक्का देऊन पाहा. हलली तर पुन्हा लावा. विटांवर गाडी ठेवणारे लोक मी पाहिलेत. वीट आधी सांगून फुटत नाही.

हत्यारांत १०, १२, १४ आणि १७ च्या गोट्या (सॉकेट) आणि रिंग पाने या गाडीला सर्वांत जास्त लागतात. त्याशिवाय प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), सर्कलिप प्लायर, व्हर्नियर, कॉम्प्रेशन गेज आणि टॉर्क पाना (बोल्ट किती जोरानं आवळला ते दाखवणारा). टॉर्क पान्याबाबत तडजोड नको. "हाताला अंदाज आहे" असं म्हणणाऱ्या मिस्त्रीनं हजार हेडं आवळलेली असतात, आपण एकही नाही. विकत परवडत नसेल तर भाड्यानं किंवा ओळखीच्या गॅरेजमधून दोन दिवसांसाठी आणा.

बाकी रिकामे डबे, झिपच्या पिशव्या, मार्कर पेन आणि मोबाइल. प्रत्येक पायरीचा फोटो, प्रत्येक बोल्ट नावासह पिशवीत. व्हॅक्यूमच्या नळ्यांना चिकटपट्टी लावून नंबर टाका. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्या इतक्या असतात, की खोलताना सोप्या वाटतात आणि बसवताना सगळ्या सारख्याच दिसतात.

गाडीला एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून, नळीतला गॅस इंजिन चालवून संपवून, मगच बाकीचं. किटचे उच्चदाबाचे सांधे घरी सोडू नका, ते अधिकृत किटवाल्याचं काम. पेट्रोलच्या गाडीतही बॅटरीची निगेटिव्ह तार पहिली काढायची.

इंजिनला काय झालंय ते शोधणं

धुरापासून सुरुवात करा, पण धुरावर थांबू नका. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर भपकन येऊन मग विरत असेल तर व्हॉल्व्ह स्टेमची सीलं कडक झाली आहेत, रात्रभरात ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये उतरतं. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की निळा झोत येत असेल तरी संशय सील आणि गाइडवरच. चढावर सतत निळा धूर आणि ऑइल भरायच्या झाकणातून फुसफुस वाफा येत असतील तर मात्र पिस्टनच्या रिंगा. पांढरा दाट धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होणं म्हणजे हेड गॅस्केट, किंवा हेडलाच चीर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त: चोक अडकलाय, फ्लोटची लेव्हल बिघडलीय, एअर फिल्टर तुंबलाय. काळ्या धुरासाठी इंजिन उघडणारा माणूस भेटला तर त्याच्याकडे गाडी परत नेऊ नका.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि बरेच जण ते चुकीच्या रीतीनं करतात. इंजिन गरम करा. तिन्ही प्लग काढा, एकच काढून भागत नाही. इग्निशन कॉइलची जोडणी काढा. एमपीएफआय असेल तर फ्युएल पंपाचा फ्यूज काढा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. एका माणसानं अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, नाहीतर इंजिनला हवाच मिळत नाही आणि गेज खोटं कमी दाखवतं. पाच-सहा फेरे सेल (स्टार्टर) मारा, आकडा लिहून घ्या. चांगल्या इंजिनात दीडशे ते पावणेदोनशे पीएसआय मिळतात. एकूण आकड्यापेक्षा तीन सिलिंडरांमधला फरक पाहा. तिन्ही १३५ दाखवत असतील तर इंजिन म्हातारं आहे पण निरोगी. दोन १६० आणि एक ९५ असेल तर त्या एकात काहीतरी गेलंय.

कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा झपकन वर आला तर हवा रिंगांवाटे जात होती, ऑइलनं ती फट तात्पुरती बुजवली. जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये फुटलंय असं जवळजवळ छातीठोक म्हणता येतं. या एका चमचाभर ऑइलवरून कळतं, की तुमचं काम हेडपुरतं आहे की खाली ब्लॉकपर्यंत, म्हणजे सिलिंडर आणि क्रँकच्या भागापर्यंत, जायचंय.

एलपीजी-सीएनजीवर चाललेल्या ऑम्नीत एक वेगळीच गोष्ट घडते. गॅस कोरडा आणि गरम जळतो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीटा हळूहळू झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली, फट नाहीशी होते. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. कॉम्प्रेशन पडतं, गाडी सकाळी सुरू होत नाही, आणि सगळे म्हणतात रिंगा गेल्या. अशा गाडीत आधी टॅपेट सेट करा, मग पुन्हा कॉम्प्रेशन मोजा. थंड इंजिनात फट ०.१५ मिमीच्या आसपास हवी. टॅपेटचा आवाज कमी म्हणजे सेटिंग चांगलं, हा समज गॅसच्या गाडीत महागात पडतो. हलकी टकटक परवडली, गप्प टॅपेट नको.

आवाज ऐकताना वरचा आणि खालचा वेगळा करा. वरून बारीक टकटक येते ती टॅपेटची. खालून, भार पडल्यावर, जड ठक-ठक येत असेल तर कनेक्टिंग रॉडच्या शेलांवर (क्रँकवरच्या पातळ बेअरिंगांवर) संशय. ऑइलचा लाल दिवा गरम इंजिनात आयडलला मिणमिणत असेल तर प्रेशर स्विचच्या जागी साधं गेज लावून पाहा. ३००० आरपीएमला चौरस सेंटिमीटरला तीन किलोच्या आसपास दाब हवा. दाब ठीक असेल तर स्विच बदला आणि मोकळे व्हा. दाब खरंच कमी असेल तर शेल, ऑइल पंप, किंवा तळाच्या ऑइल चेंबरमधली गाळणी.

गिअरबॉक्स काय सांगतोय

गिअरबॉक्स उघडण्याआधी तर अजून जास्त सबुरी हवी, कारण "गिअर पडत नाही" या तक्रारीचा उगम बहुधा गिअरबॉक्सच्या बाहेर असतो.

सगळेच गिअर खरखरत पडत असतील तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलला दोन-तीन सेंटिमीटर मोकळी चाल आहे का पाहा, केबल तुटत आलीय का पाहा. खात्री करायची तर गाडी उभी असताना क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी पितळी कडी) नसते, त्यामुळे इनपुट शाफ्ट फिरत राहिला असेल तर रिव्हर्स ओरडतोच. एकच गिअर, बहुतेक दुसरा, खरखरत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग गेली. लिव्हर डब्यातल्या चमच्यासारखी खुळखुळत असेल तर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीतले बुश तपासा. हे काम स्वस्तातलं, आणि गिअरबॉक्स खाली न उतरवता होतं.

न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते: इनपुट शाफ्टचं किंवा काउंटर शाफ्टचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच किणकिण सुरू होते: क्लच बेअरिंग. चार गिअरच्या ऑम्नीत चौथा गिअर थेट असतो, म्हणजे ताकद काउंटर शाफ्टवरून न जाता सरळ मागे जाते. म्हणून पहिल्या तीन गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात शांतता असं असेल तर दोष काउंटर शाफ्टच्या बाजूला. सगळ्या गिअरमध्ये वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं येत असेल तर गिअरबॉक्स बहुधा निर्दोष आहे, मागचं हाउसिंग किंवा चाकांची बेअरिंगं बघा. गाडी हलताना "खटक" एकदाच येते ती प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसची.

गिअर आपोआप सुटत असेल तर मात्र आत जावं लागेल: फोर्क झिजलाय, लॉकच्या गोळीमागची स्प्रिंग बसलीय, किंवा गिअरचे दातच गोल झालेत.

क्लच घसरतोय का हे पाहायला हँडब्रेक घट्ट ओढा, चौथा गिअर टाका, थोडा रेस देऊन क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. गुरगुरत चालू राहिलं तर प्लेट संपली. ही परीक्षा एकदाच करायची, परत परत केली तर चांगली प्लेटही जळेल. करताना गाडीसमोर कोणी उभं नको.

हेड उतरवणं आणि पुन्हा बसवणं

पुढच्या सीटा आणि इंजिनवरचं झाकण काढलं की काम करायला जागा होते. इंजिन पूर्ण थंड हवं. हेड अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना बोल्ट सोडले तर ते वाकतं. कूलंट खाली सोडून बंद डब्यात ठेवा. ते गोडसर असतं आणि विषारी, गल्लीतली कुत्री चाटतात.

टायमिंग बेल्टचं कव्हर काढा. बेल्ट काढण्याआधी क्रँक फिरवून कॅम पुलीची आणि क्रँक पुलीची खूण आपापल्या खुणेसमोर आणा, पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, फोटो काढा. डिस्ट्रिब्युटरच्या रोटरचं तोंड कुठे आहे तेही टिपून ठेवा. फायरिंग ऑर्डर १-३-२, बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला.

हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करत सोडायचे. सगळे सुटल्यावर हेड चिकटून बसलं तर मधे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, तो ओरखडा कायमचा. मॅनिफोल्डच्या बाजूनं लाकडी ठोकळा ठेवून हलके टोले द्या.

हेड खाली आलं की गॅस्केट नीट पाहा. फुटलेल्या जागी काळी रेघ दिसते. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जात होतं त्याचा पिस्टन बाकीच्यांपेक्षा चक्क स्वच्छ दिसतो, वाफेनं धुतला गेलेला. मग हेडचा पृष्ठभाग साफ करून त्यावर सरळ पोलादी पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या दिशांना ठेवा आणि खालून फिलर गेज घालून पाहा. ०.०५ मिमीची पट्टी कुठेही शिरली तर हेड वाकलंय, फेसिंग करावं लागेल, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करावा लागेल. फेसिंग लेथवाल्याकडे. घरी काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हेड घासण्याचे व्हिडिओ फिरतात, ते मोपेडला ठीक. एकदा तापून पाणी उकळलेलं हेड असेल तर चीर आहे का याची प्रेशर टेस्टही तिथेच करून घ्या.

व्हॉल्व्ह काढलेत तर ते ज्या जागेचे त्याच जागी परत जायला हवेत. पुठ्ठ्याला सहा भोकं पाडून त्यात नंबरवार खोवा. लॅपिंग पेस्ट लावून रबरी कपच्या काठीनं प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या सीटवर फिरवायचा, अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, मधेमधे उचलून. सीटवर सगळीकडून सारखी राखाडी कडी उमटली की झालं. पेस्टचा कणही उरू देऊ नका. जोडल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओतून दहा मिनिटं ठेवा. व्हॉल्व्हखालून थेंब आला नाही तर सीट बसली. हे काम कंटाळवाणं आहे, पण घरी उत्तम होतं, आणि घाईच्या गॅरेजपेक्षा चांगलं होतं. सीट फारच खोल गेली असेल किंवा गाइड सैल असेल, म्हणजे व्हॉल्व्ह थोडा उचलून हलवल्यावर आडवा डुलत असेल, तर पुन्हा लेथ. स्टेम सील मात्र दर वेळी नवीनच.

बसवताना ब्लॉकवरची बोल्टची भोकं कापडानं आणि हवेनं कोरडी करा. भोकात ऑइल किंवा पाणी साठलेलं असेल तर बोल्ट आवळताना ते दबून ब्लॉकला चीर पाडू शकतं, शिवाय टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो. नवं गॅस्केट दोन्ही बाजूंनी कोरडं. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत: आधी २ किलोग्रॅम-मीटर (टॉर्कचं माप), मग ४, शेवटी ५.५ ते ६.

नवा टायमिंग बेल्ट, नवा टेन्शनर. जुना बेल्ट "अजून चांगला दिसतो" म्हणून परत घालणं म्हणजे थोडे पैसे वाचवून इंजिन पणाला लावणं. खुणा जुळवून बेल्ट घाला, टेन्शनरचा बोल्ट सैल ठेवून स्प्रिंगला तिचं काम करू द्या, क्रँक गोटीनं दोन पूर्ण फेरे हातानं फिरवा, खुणा परत जुळल्या तरच टेन्शनर आवळा. हातानं फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका, बेल्ट काढून पुन्हा.

ब्लॉकपर्यंत जायचं असेल तर

इथून पुढचं काम मी घाबरवण्यासाठी नाही, पण स्पष्ट सांगतो: खोलणं, साफ करणं आणि जोडणं घरी, मोजणं आणि कापणं लेथवर. इंजिन उतरवायला दोन माणसं आणि चेन-पुली हवी. ब्लॉक बाहेर काढल्यावर रॉडच्या आणि मेनच्या कॅपांवर नंबर आहेत का पाहा, नसतील तर पंचानं ठिपके मारा. एकाची कॅप दुसऱ्याला गेली की क्रँक जाम.

सिलिंडरच्या वरच्या टोकाला नख फिरवा. नख अडेल अशी पायरी लागत असेल तर झीज बरीच आहे. मग ब्लॉक लेथवाल्याकडे न्या आणि प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली, दोन दिशांनी मोजून आकडे कागदावर मागा. मूळ बोअर ६८.५ मिमी. उतार किंवा लंबगोलपणा ०.१० मिमीपेक्षा जास्त असेल तर ०.२५ किंवा ०.५० मोठं बोअरिंग. त्यासाठी पिस्टन आधी विकत घ्या आणि ते ब्लॉकसोबत द्या, म्हणजे बोअर त्या पिस्टनला मापून होतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अशा बाजारांत ऑम्नीचे पार्ट भरपूर मिळतात, बनावट डब्यातलेही. पिस्टन, रिंगा, शेल आणि टायमिंग बेल्ट बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

झीज मर्यादेत असेल तर होनिंग (सिलिंडरची भिंत बारीक घासणं) करून नव्या रिंगा चालतील. पण लंबगोल सिलिंडरमध्ये नव्या रिंगा टाकून "हाफ इंजिन" केलं तर दोन-तीन महिन्यांत गाडी पुन्हा निळी. हा आपल्याकडचा सर्वांत जास्त केला जाणारा फुकटचा खर्च. रिंग घालण्याआधी ती एकटी सिलिंडरमध्ये पिस्टननं सरळ खाली ढकला आणि तोंडाची फट मोजा. नवी रिंग ०.१५ ते ०.३५ च्या आत यायला हवी. ०.७ च्या वर गेली तर ती रिंग योग्य नाही, किंवा तो बोअर योग्य नाही. रिंगांची तोंडं एकमेकांपासून दूर, १२० अंशांवर. रिंगेवरचं अक्षर वरच्या बाजूला, पिस्टनवरचा बाण बेल्टकडे.

क्रँकवर ओरखडे असतील तर ग्राइंडिंग आणि त्या मापाची मोठी शेलं. नवी शेलं घालताना प्लास्टिगेजची (दबून फट दाखवणाऱ्या मऊ प्लास्टिकची) तार ठेवून कॅप आवळा आणि उघडून तारेची रुंदी पाहा. ०.०२ ते ०.०४ मिमी उत्तम, ०.०८ पुढे नाही. मेन कॅप ४.३ ते ४.८ किलोग्रॅम-मीटर, रॉड कॅप २.८ ते ३.२. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हातानं फिरवून पाहायचा. कुठल्या कॅपनंतर जड झाला ते तिथल्या तिथे कळतं.

ब्लॉक फारच गेला असेल आणि भंगारातून दुसरा आणायचा विचार असेल, तर त्यावरचा इंजिन नंबर तुमच्या आरसीशी जुळणार नाही. विकणाऱ्याकडून बिल आणि मूळ गाडीचे कागद घ्या, बदलाची नोंद आरटीओत करा. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला गाडी नेल्यावर नंबर तपासला जातो, तेव्हा शोधाशोध करून उपयोग नाही.

क्लच आणि गिअरबॉक्स

क्लचसाठी इंजिन उतरवायची गरज नाही, एकटा गिअरबॉक्स खालून निघतो. गिअर ऑइल आधी सोडा आणि तळाच्या प्लगवर काय चिकटलंय ते बोटांत चोळा. राखाडी, गुळगुळीत मलम हे वयाचं लक्षण, त्यात काळजीचं काही नाही. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा मिळाला तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. पितळी चमक दिसली तर सिंक्रो रिंगा.

प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी त्याच्या फ्लँजवर आणि हाउसिंगच्या फ्लँजवर एकच रेघ मारा, तसाच परत बसवला नाही तर गाडी थरथरते. क्लच केबल, स्पीडोमीटर केबल, रिव्हर्स लाइटची वायर, सेल्फ आणि गिअर लिव्हरची जोडणी सोडा. इंजिनच्या मागच्या टोकाखाली दुसरा जॅक, मधे लाकूड. मग बेल हाउसिंगचे बोल्ट. गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा, लटकू द्यायचा नाही, नाहीतर इनपुट शाफ्ट क्लच प्लेटचा गाभा वाकवतो.

गिअरबॉक्स बाहेर आला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि क्लच बेअरिंग तिन्ही एकत्र बदला, आणि क्रँकचं मागचं ऑइल सील तर विचार न करता. त्या काही रुपयांच्या सीलसाठी पुन्हा एवढं सगळं खोलायचा कंटाळा येतो. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर लेथवर फेसिंग. प्लेट मध्यावर बसवायला जुना इनपुट शाफ्ट किंवा त्या मापाचा लाकडी दांडा वापरा.

गिअरबॉक्स उघडणार असाल तर दिवसाउजेडी, स्वच्छ चादरीवर. लॉकच्या गोळ्या आणि स्प्रिंगा उडतात, म्हणून शिफ्ट रॉड काढताना भोकावर कापड धरा. निघालेला प्रत्येक भाग एका फळीवर निघाल्या क्रमानं आडवा मांडत जा. सिंक्रो रिंग तिच्या गिअरच्या कोनवर दाबून धरा आणि रिंगेचे दात व गिअरचे दात यांतली फट मोजा. नव्या रिंगेत एक मिलिमीटरहून थोडी जास्त असते, ०.५ च्या खाली आली की रिंग बाद. बेअरिंगं हातोड्यानं ठोकू नका, लेथवाल्याच्या प्रेसवर चढवून आणा. केस बंद केल्यावर, गाडीखाली नेण्याआधी, सगळे गिअर हातानं टाकून शाफ्ट फिरवून पाहा.

ऑइलच्या बाबतीत एक गोष्ट पक्की करा. गिअर ऑइलच्या दर्जांपैकी गिअरबॉक्सला जीएल-४, मागच्या हाउसिंगला जीएल-५. जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगा खातात, आणि दुकानदार "एकच ऑइल दोन्हीकडे चालतं" म्हणून एकच कॅन देतो. गाडी समतल ठेवून भरायच्या भोकातून ऑइल बाहेर ओघळेपर्यंत भरायचं.

पहिला स्टार्ट आणि त्यानंतर

प्लग न लावता, कॉइलची जोडणी काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल मारा. त्याशिवाय नवी शेलं पहिल्या काही सेकंदांत कोरडी चालतात. मग प्लग लावा, कूलंट भरा, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून स्टार्ट करा आणि थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत वर भरत राहा. बुडबुडे थांबतच नसतील तर गॅस्केट बसलं नाही. इंधनाच्या रबरी नळ्या या खटाटोपात बदलून टाका. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर मऊ पडतं, आणि ऑम्नीत इंजिन सीटखालीच आहे.

नव्या रिंगांची गाडी आयडलवर तासभर घुरघुरत ठेवायची पद्धत चुकीची. ती रस्त्यावर काढा, वेग कमी-जास्त करत, मधला भार देत चालवा. पहिले ५०० किलोमीटर पूर्ण रेस नको, पूर्ण लोड नको, घाट नको. ५०० ला ऑइल आणि फिल्टर बदला. त्यातून निघालेल्या ऑइलमध्ये थोडी चमक दिसेल, ती रिंगा बसताना होणारी झीज. १००० च्या सुमारास थंड इंजिनात टॅपेट पुन्हा मोजा, गॅसच्या गाडीत तर नक्कीच. नवी क्लच प्लेट बसताना केबलची मोकळी चाल कमी होते, तीही तेव्हाच जुळवून घ्या. बेल हाउसिंगखाली एक पुठ्ठा रात्रभर टाकून ठेवा. सकाळी त्यावर डाग असेल तर वास घ्या. गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, इनपुट शाफ्टचं सील. साध्या इंजिन ऑइलचा वास आला तर क्रँकचं मागचं सील तिरकं बसलंय, आणि गिअरबॉक्स पुन्हा खाली.